टर्बो स्वस्त, तयारी महाग

- प्रतिनिधी

जुन्या छोट्या मोटारीला टर्बोचार्जर बसवून तिची ताकद वाढवण्याचे वेड आपल्याकडील तरुणांना नवे नाही. स्क्रॅप बाजारात टर्बो स्वस्तात मिळतो, ओळखीचा मेस्त्री तो बसवून देण्यास तयार असतो आणि काम थोडक्या पैशांत उरकेल, असे वाटू लागते. बहुतेकांचा हिशेब नेमका येथेच चुकतो. मर्यादित खर्चात टर्बो इंजिनाचा आराखडा कसा मांडावा, पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा आणि कायदा याबाबत काय सांगतो, याचा हा आढावा.

मोटारींच्या वेडाने झपाटलेल्या तरुणांची वर्दळ असलेल्या गॅरेजमध्ये डोकावले, की कोपऱ्यात बॉनेट उघडे टाकून महिनोन् महिने उभी असलेली एखादी मोटार हमखास दिसते. टर्बो बसवलेला असतो, पाइप जोडलेले असतात. परंतु इंजिन मात्र खोलून ठेवलेले असते. चौकशी केल्यास साधारण एकच कहाणी ऐकायला मिळते. पहिले काही दिवस गाडी सुसाट धावली. मग एका चढावर इंजिनातून टकटक आवाज आला, सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागला आणि पिस्टन फुटल्याचे निदान झाले. तोवर साठवलेले पैसे संपलेले असतात. नव्या पिस्टनचा खर्च मूळ योजनेत कोणी धरलेलाच नसतो.

या अपयशाचे खापर बहुधा टर्बोवर किंवा मेस्त्रीवर फोडले जाते. वास्तविक दोष असतो तो नियोजनाचा. सर्वांत आधी टर्बो खरेदी करायचा आणि उरलेल्या पैशांत बाकीचे निभावून न्यायचे, हा क्रमच उलटा आहे.

टर्बो करतो काय?

इंजिनाची ताकद पेट्रोलमुळे वाढते, असे आपण म्हणतो. परंतु पेट्रोल जाळायला हवा लागते. सिलिंडरमध्ये जेवढी हवा मावते, तेवढ्याच प्रमाणात इंधन जाळता येते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना वातावरणातील हवा ओढून घेते आणि त्यावर समाधान मानते. टर्बोचार्जर हीच हवा दाबून आत कोंबतो. त्यासाठी लागणारी शक्ती तो बाहेर जाणाऱ्या धुरातून मिळवतो. जळालेल्या इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश वाटा या धुरावाटे वाया जात असतो. त्या प्रवाहात एक छोटे चक्र, म्हणजे टर्बाइन, ठेवले जाते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चक्र असते. धुराने पहिले चक्र फिरते आणि त्याबरोबर दुसरे चक्र फिरून हवा दाबते. वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त मिळालेल्या या दाबाला ‘बूस्ट’ म्हणतात. तो ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून जादा धूर परस्पर बाहेर सोडणारी झडप असते. तिला ‘वेस्टगेट’ म्हणतात.

कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेऊन टर्बोची चाचणी घेतली. उंचावरील विरळ हवेतही इंजिनाची ताकद टिकवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. प्रवासी मोटारींत मात्र टर्बो यायला १९६२ साल उजाडले. त्या वर्षी जे घडले, ते आजही टर्बो बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे.

१९६२चा धडा

अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या दोन विभागांनी त्या वर्षी दोन टर्बो मोटारी बाजारात आणल्या. ओल्डस्मोबिलची जेटफायर आणि शेव्हरोलेची कॉर्व्हेर मोंझा स्पायडर. दोघींनी एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली होती.

प्रश्न होता ‘नॉकिंग’चा. सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचे मिश्रण ठिणगीमुळे पेटते आणि ज्वाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पसरत जाते. परंतु मिश्रणाचा दाब आणि तापमान प्रमाणाबाहेर वाढले, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील उरलेले मिश्रण आपोआप भडकते. डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो, तो या स्फोटांचा. त्याचे धक्के पिस्टनवर हातोड्यासारखे बसतात. टर्बोमुळे दाब आणि तापमान दोन्ही वाढत असल्याने हा धोका कैक पटींनी वाढतो.

जेटफायरच्या ३.५ लिटर इंजिनाचा कम्प्रेशन रेशो १०.२५ एवढा चढा ठेवण्यात आला होता. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली होती. ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे त्याचे नाव. कागदावर ही योजना उत्तम होती. इंजिन २१५ अश्वशक्ती देत असे. पण ग्राहकाने ती टाकी नियमित भरणे अपेक्षित होते आणि अनेक ग्राहक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली, की बूस्ट कमी होई आणि ‘गाडी पळत नाही’ अशी तक्रार येई. दोनच वर्षांत, १९६३ मध्ये, ही मोटार बंद झाली आणि अनेक मोटारींतील टर्बो काढून तेथे साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. कॉर्व्हेरच्या अभियंत्यांनी मात्र कम्प्रेशन रेशोच ९वरून ८वर आणला आणि १५० अश्वशक्तीवर समाधान मानले. दिमाख थोडा कमी, परंतु मालकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहण्याची गरज नाही. टर्बो कॉर्व्हेर पुढेही काही वर्षे विकली गेली.

आज गॅरेजमध्ये होणाऱ्या चुका या जेटफायरच्याच वळणाच्या असतात. आकडा मोठा धरायचा आणि तो सांभाळणारी यंत्रणा मात्र नशिबावर सोडायची. मर्यादित खर्चात काम करणाऱ्याने कॉर्व्हेरचा मार्ग धरणे शहाणपणाचे.

कागदावरचे गणित

उदाहरणादाखल आपल्या रस्त्यांवरची एक परिचित मोटार घेऊ. २००५ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टमध्ये १,२९८ सीसीचे, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. २०१०च्या सुमारास त्याची जागा १.२ लिटर इंजिनाने घेतली. जुने इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर ८७ अश्वशक्ती देई. दणकट म्हणून त्याचा लौकिक आहे, सुटे भाग सहज मिळतात आणि अशा जुन्या मोटारी कमी किमतीत उपलब्ध असतात. त्यामुळे प्रयोगासाठी अनेकांची नजर तिच्याकडे वळते.

चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. मिनिटाला ६,००० म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या. त्यानुसार हे इंजिन सेकंदाला सुमारे ६५ लिटर हवा ओढू शकते. सिलिंडर पूर्ण भरत नाही; ९० टक्के भरतो असे धरू. उरली साधारण ५८ लिटर, वजनात सुमारे ६८ ग्रॅम. पूर्ण ताकदीच्या वेळी सव्वातेरा ग्रॅम हवेमागे एक ग्रॅम पेट्रोल असे प्रमाण धरले, तर सेकंदाला पाच ग्रॅमच्या किंचित वर पेट्रोल लागते. कारखान्यातून आलेले इंजिन, त्याचा पंप आणि इंजेक्टर या गरजेसाठी बेतलेले असतात.

आता त्यावर ०.४ बार एवढा माफक बूस्ट देऊ. वातावरणाचा दाब साधारण १ बार, म्हणजे एकूण दाब सुमारे १.४ पट झाला. मग ताकदही १.४ पट व्हायला हवी. परंतु तशी ती होत नाही, आणि याला कारण आहे उष्णता.

उष्णता हाच शत्रू

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. टर्बोमध्येही तेच होते. बाहेर ४० अंश तापमान असलेल्या दिवशी ०.४ बार बूस्ट दिला, तर सर्वसाधारण कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा ८५ अंशांच्या पुढे जाते. तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे दाब १.४ पट वाढूनही हवेचे वजन मात्र जेमतेम १.२२ पट होते, आणि तापलेल्या मिश्रणाने नॉकिंगचा धोका वाढतो तो वेगळाच.

म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. हा हवेचा रेडिएटर. वाढलेल्या तापमानापैकी ७० टक्के उष्णता त्याने काढून घेतली, तर हवा ५४ अंशांच्या आसपास येते आणि वजन १.३४ पट होते. म्हणजे त्याच टर्बोने, त्याच दाबावर, केवळ एका जाळीमुळे किती फरक पडतो पाहा. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळाच नव्हे, पुण्या-नाशिकचा एप्रिल-मे ध्यानात घेतला, तरी इंटरकूलरशिवाय टर्बो बसवण्याचा विचार करू नये.

८७ला १.३४ने गुणले तर ११६ येतात. सुरक्षिततेसाठी ठिणगी थोडी उशिरा द्यावी लागते, धुराच्या वाटेत टर्बाइनचा अडथळा येतो. हे वजा जाता १०५ ते ११० अश्वशक्ती, म्हणजे साधारण २० ते २५ टक्के वाढ हाती लागते. ज्यांना इंजिन न उघडता, मूळ पिस्टनवर काम भागवायचे आहे, त्यांनी एवढ्यावरच थांबावे. सर्वसामान्य मोटारींचे पिस्टन साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमचे असतात. नॉकिंगचे धक्के बसले, की दोन रिंगांमधील बारीक भिंत सर्वप्रथम तुटते. जाड हेड गॅस्केट टाकून कम्प्रेशन कमी करण्याची युक्ती सुचवली जाते. परंतु त्यामुळे पिस्टन आणि हेडमधील अंतर वाढून मिश्रण नीट घुसळले जात नाही आणि नॉकिंगपासून मिळणारे संरक्षण काही अंशी वाया जाते. कम्प्रेशन मूळचेच ठेवून बूस्ट कमी ठेवणे, हा अधिक स्वस्त आणि भरवशाचा उपाय होय.

इंधन आणि ठिणगी

हवा एक तृतीयांश वाढली म्हणजे पेट्रोलही तेवढेच वाढवावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथेच मोठी चूक होते. बूस्ट असताना मिश्रण मुद्दाम अधिक ‘श्रीमंत’ ठेवावे लागते, कारण जादा पेट्रोलची वाफ होताना सिलिंडर थंड राहतो. सव्वातेराऐवजी पावणेबारा ग्रॅम हवेमागे एक ग्रॅम हे प्रमाण धरल्यास, ९१ ग्रॅम हवेसाठी सेकंदाला पावणेआठ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागते. म्हणजे हवा ३४ टक्के वाढली, तर इंधनाची गरज वाढते जवळपास ५० टक्के.

ही गरज चार इंजेक्टरांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला सुमारे १५५ मिलिलिटर येतात. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. ८० टक्के वेळ उघडा राहील असे धरून किमान १९५ मिलिलिटर क्षमतेचा इंजेक्टर हवा. त्यातच आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी हे मिश्रण सात-आठ टक्के जास्त लागते. तेव्हा इंजेक्टरची क्षमता २१० मिलिलिटरच्या पुढेच धरावी. इथेनॉलचा एक फायदाही आहे. त्यामुळे ऑक्टेन वाढतो, वाफ होताना ते अधिक थंडावा देते आणि नॉकिंगला आळा बसतो. परंतु वीस वर्षांपूर्वीच्या गाडीतील रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. ते बदलण्याचा खर्च आधीच धरावा. तापलेल्या टर्बोशेजारी गळणारी पेट्रोलची नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

मूळचा संगणक, म्हणजे ईसीयू, या नव्या गरजा ओळखत नाही. बूस्ट ही गोष्ट त्याच्या हिशेबातच नसते. इंधनाचा दाब वाढवून किंवा सेन्सरला फसवून काम चालवण्याचे ‘जुगाड’ सर्रास केले जातात. त्यात इंधन एक वेळ वाढते; ठिणगीची वेळ मात्र तशीच राहते, आणि पिस्टन फोडण्यास तेवढे पुरेसे असते. सुदैवाने आता यावर तुलनेने स्वस्त उपाय आहेत. २००० नंतरच्या दशकात हौशी अभियंत्यांत लोकप्रिय झालेला मेगास्क्वर्ट किंवा त्यानंतरचा आर्डुइनोवर आधारित स्पीडुइनो यांसारखे, स्वतः जोडता येणारे ईसीयू उपलब्ध आहेत. त्यांच्या जोडीला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हवाच. मिश्रण नेमके किती श्रीमंत वा गरीब आहे, हे तोच सांगतो. त्याशिवाय ट्यूनिंग करणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून घाट उतरणे.

टर्बो निवडताना

एवढी तयारी झाल्यावरच टर्बोचा विषय काढावा. ‘मोठा टर्बो, मोठी ताकद’ हा समज चुकीचा आहे. मोठे चक्र फिरायला वेळ लागतो. शहरातील रहदारीत ते जागेच होत नाही. आपल्या गणितानुसार सेकंदाला ९० ग्रॅम हवा आणि १.४ पट दाब देणारा छोटा टर्बो हवा. प्रत्येक टर्बोचा एक नकाशा असतो. किती हवा, किती दाब आणि तेथे कार्यक्षमता किती, हे त्यावरून कळते. आपला आकडा या नकाशाच्या मध्यभागी पडला, की टर्बो योग्य.

कुर्ल्याच्या स्क्रॅप बाजारात वा अन्यत्र मिळणारे बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांचे असतात. डिझेलचा धूर तुलनेने थंड असतो; पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण ताकदीवर ९०० अंशांच्या पुढे जातो. डिझेलसाठी बनवलेल्या टर्बाइनला ही उष्णता कायम सोसेलच, असे नाही. शक्य तर पेट्रोल गाडीतून निघालेला टर्बो घ्यावा. दांडा हाताने वर-खाली व पुढे-मागे हलवून पाहावा. चक्राची पाती घराला घासलेली असतील किंवा आत तेलाचा चिकटा असेल, तर स्वस्त मिळाला तरी तो महागच पडणार.

हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या फिरतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्याला इंजिनातून स्वच्छ तेल मिळायला हवे आणि ते केवळ उताराने ऑइल चेंबरमध्ये परतायला हवे. परतीची नळी बारीक असली किंवा तिला वळसे पडले, तर तेल तुंबते आणि टर्बो धूर ओकू लागतो. वेगात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद केले, तर तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल जळून काजळी बनते. त्यामुळे मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवण्याची सवय लावून घ्यावी आणि तेल बदलण्याचे अंतर निम्मे करावे.

दोन लाखांचा आराखडा

समजा, हाताशी गाडीव्यतिरिक्त दोन लाख रुपये आहेत. दर बाजारागणिक बदलतात, त्यामुळे पुढील आकड्यांकडे दरपत्रक म्हणून न पाहता खर्चाचे प्रमाण आणि क्रम म्हणून पाहावे.

१. इंजिनाची प्रकृती : ३० हजार. आधी कम्प्रेशन टेस्ट. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर टर्बोचा विषय तेथेच थांबवून इंजिनाचे काम करावे. टायमिंग बेल्ट, गॅस्केट, प्लग, इंधनाच्या नळ्या याच रकमेत.

२. इंधन, ईसीयू, वाइडबँड सेन्सर आणि डायनोवरील ट्यूनिंग : ५० हजार. सर्वांत मोठा वाटा येथे. यात काटकसर करू नये.

३. टर्बो, मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरचा पाइप : ४० हजार. मॅनिफोल्डचे वेल्डिंग चांगल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तडा गेला तर सगळेच काम पुन्हा.

४. इंटरकूलर, रेडिएटर, तेलाच्या नळ्या : २० हजार.

५. क्लच, ब्रेक, टायर : २० हजार. वेग वाढवणाऱ्याने थांबण्याची सोय आधी पाहावी.

६. राखीव : ४० हजार. ही रक्कम न खर्चता उरली, तर काम उत्तम झाले असे समजावे. बहुधा ती उरत नाही.

या यादीत टर्बोचा क्रमांक तिसरा आहे आणि पाचवा हिस्सा राखीव आहे, हे लक्षात घ्यावे. पैसे कमी पडू लागले, तर काय गाळावे, हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर एकच : बूस्ट. ०.४ऐवजी ०.३ बार ठेवावा; सेन्सर किंवा ब्रेक गाळू नयेत.

कायदा काय म्हणतो?

इतके सारे नीट जुळून आले, तरी एक अडथळा उरतोच आणि तो सर्वांत मोठा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए नव्या स्वरूपात आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

‘सीएनजी किट चालते, मग टर्बो का नाही?’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. सीएनजी किट तपासणी संस्थांकडून प्रमाणित झालेले असते आणि परिवहन कार्यालयात त्याची नोंद होते. घरगुती टर्बो संचाला अशी मान्यता नसते. याचे परिणाम दंडापुरते मर्यादित नाहीत. अपघात झाला आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. समोरच्याला इजा झाल्यास ती भरपाई कोणाच्या खिशातून जाईल, याचा विचार टर्बो घेण्यापूर्वी करावा. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. २००५ ते २०१० दरम्यानच्या स्विफ्टची ही मुदत संपलेली आहे. पुढे ती रस्त्यावर चालवायची, तर योग्यता तपासणीला सामोरे जावे लागते, आणि तेथे बॉनेट उघडले जाते.

थोडक्यात, असे इंजिन सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. त्याची जागा बंद ट्रॅकवर, मोटारस्पोर्ट महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांत आणि त्यांच्या सुरक्षा नियमांच्या चौकटीत. गाडी तेथवर ट्रकवर लादून न्यावी लागते. तो खर्चही हिशेबात हवा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक वाट खुली आहे. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत विद्यार्थी स्वतः मोटार बनवतात. तेथे ७१० सीसीपर्यंतचे इंजिन आणि हवेच्या वाटेत २० मिलिमीटरची अरुंद नळी बंधनकारक असते. टर्बो मात्र चालतो. मर्यादित साधनांत टर्बोचे गणित शिकण्याची याहून चांगली शाळा नाही.

मग हे करावे का?

एक हिशेब अखेरीस मांडायला हवा. २०१७ मध्ये आलेल्या मारुती बलेनो आरएसमध्ये ९९८ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन होते आणि ते सुमारे १०१ अश्वशक्ती देई. २०२०मध्ये ती मोटार बंद झाली. मात्र एक लिटरचे असे टर्बो इंजिन २०२३च्या फ्राँक्समध्ये पुन्हा आले. म्हणजे दोन लाख रुपये आणि कित्येक महिने ओतून जी ताकद जुन्या स्विफ्टमधून मिळते, ती कारखान्यातून तयार आलेल्या, नोंदणीकृत आणि विमा असलेल्या मोटारीत आयती मिळते. केवळ वेगासाठी किंवा रोजच्या वापरासाठी टर्बो हवा असेल, तर अशी मोटार घेणे, मग ती जुन्या बाजारातील का असेना, व्यवहार्य आणि सुरक्षित आहे.

ज्याला इंजिनाची भाषा शिकायची आहे, ज्याच्यापाशी ट्रॅकवर नेण्याची तयारी आणि चूक परवडण्याइतकी राखीव रक्कम आहे, त्याने मात्र जरूर हा प्रयोग करावा. पहिली खरेदी कागद, पेन्सिल आणि कम्प्रेशन गेजची असावी. इंजिन किती सोसेल आणि खिसा किती सोसेल, हे दोन आकडे त्या कागदावर आधी लिहावेत. त्या दोहोंत जो लहान असेल, त्यावरून बूस्ट ठरवावा. टर्बो त्यानंतर घ्यावा. स्क्रॅप बाजारात तो तेव्हाही मिळेल.